बासष्ट किलोच्या मशीनची गाडी

रणजित वेल्डिंग शिकला ही बातमी मला माझ्याच बायकोने दिली, आणि तीसुद्धा कौतुकाने. मी कामावरून येऊन बूट काढत होतो. सुलक्षणा म्हणाली, रणजितभावजींनी त्यांच्या दर्शनाला बाल्कनीतल्या तुळशीसाठी लोखंडी स्टँड करून दिला, स्वतःच्या हाताने, आणि किती सुबक. मी एक बूट हातात धरून तसाच बसून राहिलो.

इथे थोडा खुलासा करणं भाग आहे. रणजित हा चार्टर्ड अकाउंटंट. पहाटे आमच्याच वस्तीतून, दुबईच्या डिस्कव्हरी गार्डन्समधून निघून अबुधाबीला जातो, तिथे एका कंपनीचे ताळेबंद बघतो आणि रात्री परत येतो. मी मेकॅनिकल इंजिनिअर, आणि त्यातही वेल्डिंग तपासणारा. गेली अठरा वर्षं एका कंत्राटदार कंपनीत मी लोकांच्या वेल्डिंगवर बॅटरी मारून ते पास किंवा नापास करतो. माझी सही झाल्याशिवाय आमच्या पाइपातून पाण्याचा थेंब पुढे सरकत नाही. मी स्वतः कधी वेल्डिंग केलं नव्हतं हे खरं, पण परीक्षकाने पेपर सोडवायचा नसतो. असं असताना एका हिशेबनीसाने लोखंडाला लोखंड जोडावं आणि माझ्या बायकोने त्याला सुबक म्हणावं, हे मला लागलं. आडपडदा कशाला, मला हेवा वाटला. चांगला पोटात दुखेपर्यंत वाटला.

तो स्टँड मी मुद्दाम बघायला गेलो नाही. दर्शनावहिनींनी गणपतीच्या प्रसादाला बोलावलं तेव्हा मात्र नाइलाजाने बाल्कनीत जावं लागलं, आणि तिथे नाइलाजाने पंधरा मिनिटं वाकून राहावं लागलं. दोष सापडला नाही. तेवढ्यात रणजितने त्याचं मशीन आणून दाखवलं. लहान मुलाच्या दप्तराएवढं, वर पट्टा, खांद्याला अडकवून निघायचं. दर रविवारी तो ते घेऊन अल कूझमधल्या युसुफभाईंच्या वर्कशॉपमध्ये जातो म्हणे. मी म्हटलं, खेळणं छान आहे. सुलक्षणा मला मागे ठेवून तरातरा घरी गेली.

हे एवढ्यावरच थांबलं असतं. पण सुलक्षणाचा दिवाळीच्या फराळाचा व्यवसाय आहे, आणि गेल्या वर्षीपासून त्याने बाळसं धरलं आहे. आमचं घर एका बेडरूमचं. गेल्या दिवाळीत चकल्यांची ताटं फ्रीजवर, चिवड्याची परात इस्त्रीच्या टेबलावर आणि करंज्या पलंगावर अशी परिस्थिती होती. त्यातल्या एका ताटावर आमची इशिता मोबाइलमध्ये बघत बघत बसली आणि चाळीस करंज्यांचा एका क्षणात चुरा झाला. यंदा सुलक्षणाला स्वयंपाकघरात ताटं ठेवायला उभा लोखंडी रॅक हवा होता. ती म्हणाली, "रणजितभावजींना सांगू का? ते देतील करून."

माझ्याच स्वयंपाकघरात, माझ्याच बायकोसाठी, रणजितच्या हातचा रॅक. रोज सकाळी चहा करताना त्याचं वेल्डिंग बघायचं. मी म्हटलं, मी करतो. तिने आधी कॅलेंडर बघितलं. मग अगदी मनापासून म्हणाली, "तुम्ही केलात तर मला जास्त आवडेल हो. पण दिवाळीच्या आधी व्हायला हवा." दिवाळीला सात आठवडे होते. सात आठवड्यांत माणसं टॉवर उभा करतात.

आता रणजितसारखं दप्तरातलं मशीन मी घेणं शक्य नव्हतं. माझ्या पदाला ते शोभलं नसतं. योगायोगाने आमच्या कंपनीत जुन्या सामानाची विक्री होती. त्यात एक जुन्या पद्धतीचं, तांब्याच्या तारांनी ठासून भरलेलं वेल्डिंग मशीन मला साडेतीनशे दिऱ्हमला मिळालं. म्हणजे साडेआठ हजार रुपये. वजन बासष्ट किलो. चार हेल्परांनी ते माझ्या गाडीच्या डिकीत ठेवलं तेव्हा गाडीचं नाक वर गेलं आणि घरी येईपर्यंत मला रस्त्यापेक्षा आकाश जास्त दिसत होतं.

घरी आल्यावर कळलं की चार हेल्पर कंपनीतच राहिले. मी, वॉचमन आणि आमच्या शेजारचा नीरव असे तिघे मिळून मशीन डिकीच्या काठापर्यंत आणू शकलो, त्यापुढे नाही. वॉचमनने त्यातच सांगितलं की एवढी जड वस्तू लिफ्टमधून न्यायची तर मॅनेजमेंटचं मूव्ह-इन परमिट लागेल. मी ऑनलाइन अर्ज केला. त्यात वस्तूचा प्रकार निवडायचा होता: फर्निचर, घरगुती उपकरण किंवा झाडं. मी घरगुती उपकरण निवडलं. दोन दिवसांनी फोन आला, कुठलं उपकरण. मी सांगितलं, वेल्डिंग मशीन. पलीकडच्या बाईने मला मॅनेजरशी बोलायला सांगितलं. मॅनेजरने सांगितलं की सर, बिल्डिंगमध्ये ते मशीन नुसतं झोपलं तरी चालणार नाही.

म्हणजे मशीन डिकीतच राहणार. आणि डिकीतून वर्कशॉपमध्ये, वर्कशॉपमधून डिकीत असं करायचं तर त्याला चाकांची गाडी हवी. आमच्या साइटवर प्रत्येक मोठ्या मशीनला तशी गाडी असते. वर मशीन, खाली केबल, एका कप्प्यात रॉड, ढकलायला दांडा. तेव्हा ठरलं. आधी गाडी, मग रॅक. गाडीला फार तर एक आठवडा.

हा बेत मी कोणाला सांगितला नव्हता, पण डिकी उघडी टाकून तीन माणसं घामाघूम झालेली सगळ्या बिल्डिंगने बघितली होती. नीरवने मोबाइल काढून तयार गाडी दाखवली, एकशे एकोणपन्नास दिऱ्हम, उद्या घरपोच. गुजराती माणसाला करून बघण्यातला आनंद कळत नाही असं मी मनात म्हटलं. वरच्या मजल्यावरचे भिकाजी सामंत सव्वीस वर्षं दुबईत आहेत आणि त्यांना दुबईत जमिनीखाली काय आहे तेसुद्धा माहीत असतं. ते म्हणाले, मशीन विकून टाक. मग म्हणाले, विकू नकोस, भाव वाढेल. मग खाली वाकून डिकीत बघितलं आणि म्हणाले, "आपला रणजित कसं पाच किलोचं घेऊन फिरतो. तुला वाटलं असतं तर त्याला विचारता आलं असतं." मी डिकी बंद केली. ती जोरात लागली.

गाडी भंगारातूनच करायची हे मी ठरवलं होतं. विकतचं लोखंड आणून कोणीही करील, रणजितसुद्धा तेच करतो. आमच्या कंपनीच्या यार्डात लोखंडी अँगलचे तुकडे ढिगाने पडलेले असतात. मी आमचा सुदानी स्टोअरकीपर उमर याला म्हटलं, पंधरा-वीस तुकडे नेतो. उमर माणूस गोड. त्याने चहा मागवला आणि सांगितलं की भंगार गेटबाहेर न्यायला गेट पास हवा, गेट पासला हे भंगारच आहे असा दाखला हवा, आणि दाखल्यावर तपासणी विभागाची सही हवी. मी म्हटलं, तपासणी विभाग म्हणजे मीच. उमर म्हणाला, "हबीबी, तू मागणारा. मागणाऱ्याने तपासायचं नाही. तुझ्याच प्रोसिजरमध्ये लिहिलंय." आणि त्याने फाइल काढून दाखवलं. खाली माझी सही होती. चार वर्षांपूर्वी मी ते कलम मोठ्या अभिमानाने घातलं होतं आणि त्याबद्दल मला एक प्रशस्तिपत्रकही मिळालं होतं.

मग दाखला अबुधाबीच्या हेड ऑफिसला गेला. तिथला माणूस सुट्टीवर होता. तो आल्यावर त्याने प्रश्न विचारला की हे तुकडे कामाचे नाहीत तर अर्जदाराला ते कशासाठी हवेत. त्याला उत्तर पाठवलं. बाराव्या दिवशी मंजुरी आली, एका अटीवर: साठ सेंटिमीटरहून लांब तुकडा भंगार धरला जाणार नाही. उमरने प्रत्येक तुकड्याला टेप लावून पाहिलं. मी माझी गाडी ऐटबाज रुंद करायची ठरवली होती, ती जागच्या जागी आक्रसून साठ सेंटिमीटर झाली. "खलास," उमर म्हणाला आणि शिक्का मारला. घरी सुलक्षणाने विचारलं, रॅक कुठपर्यंत आला. मी म्हटलं, लोखंड मंजूर झालं.

युसुफभाई मूळचे दापोलीकडचे. तीस वर्षांपूर्वी हेल्पर म्हणून आले, आज त्यांच्याकडे बारा माणसं आहेत. रविवारी वर्कशॉप बंद असतं तेव्हा ओळखीच्या लोकांना ते हौस भागवू देतात. मी गेलो तेव्हा त्यांनी आदराने खुर्ची दिली, माझे तुकडे बघितले, डिकीतलं मशीन बघितलं आणि म्हणाले, "साहेब, हे राहू दे तिथंच. आज आमचंच वापरा. आणि हात बसेपर्यंत रणजितसाहेबांकडून जरा शिकून घ्या. त्यांचा हात देवानं दिलेला हाय."

रणजित तिथेच होता, चामड्याचा एप्रन घालून. त्याने अगदी साधेपणाने मला रॉडचा होल्डर कसा धरायचा ते दाखवलं. हे मला माहीत होतं. होल्डर कसा धरावा यावर मी दीडशे माणसांना प्रशिक्षण दिलं आहे, स्लाइड्ससकट. पण त्या स्लाइडमध्ये होल्डरला वजन नव्हतं. मी रॉड टेकवला, तो चिकटला. ओढला तर तुकडाच उचलला गेला. दुसरा रॉडही चिकटला. तिसऱ्याने भोक पाडलं. पलीकडे रणजितची रेघ एकसारखी, जवळजवळ रचलेल्या नाण्यांसारखी पुढे चालली होती, आणि ती बघताना मला अठरा वर्षांत पहिल्यांदा वेल्डिंग सुंदर वाटलं. त्याचाच राग आला.

त्या रागात मी काय केलं ते सांगायला लाज वाटते. आपला रॉड नेमका कुठे लागतोय ते दिसेना म्हणून मी मास्क वर करून बघितलं. एकदा नाही, पाच-सहा वेळा. याच गुन्ह्यासाठी मी आजवर चाळीसेक कामगारांना लेखी ताकीद दिलेली आहे. घरी आल्यावर दोन तासांनी डोळ्यांत कोणीतरी वाळू भरल्यासारखं व्हायला लागलं. सुलक्षणाने कच्च्या बटाट्याच्या चकत्या कापून डोळ्यांवर ठेवल्या, आणि मी सोफ्यावर आडवा पडलो. इशिता येऊन उभी राहिल्याचं आवाजावरून कळलं. ती म्हणाली, "बाबा, सेफ्टी इज लिटरली युअर जॉब." मी चकत्या डोळ्यांवर आणखी घट्ट दाबल्या.

पुढच्या रविवारी मी मास्क खाली ठेवूनच काम केलं आणि सांगायला हरकत नाही, माझे सांधे जुळायला लागले. दिसायला ते वाईट होते. एकेका सांध्यावर शेंगदाण्याच्या चिक्कीत शेंगदाणे उभे असावेत तसं दिसत होतं. पण जुळले होते. त्याच दिवशी रणजित एक मोठी चौकोनी चौकट उभी करत होता. त्याला पलीकडची बाजू धरायला माणूस हवा होता. त्याने हाक मारली, मी गेलो. धरून उभा राहिलो. चांगली अर्धा तास धरली. मध्ये त्याने दोनदा माझ्याकडे बघून काहीतरी बोलायला तोंड उघडलं आणि मिटलं. ही चौकट कशासाठी आणि कोणासाठी, हे मी विचारलं नाही. विचारलं असतं तर मला त्याच्या कामात रस आहे असा त्याचा समज झाला असता.

माझ्या गाडीला तीन कप्पे झाले, दांडा झाला, तांबडा रंगही झाला. राहिली चाकं. शारजाच्या एका भंगारवाल्याकडे मला सुपरमार्केटच्या मोडक्या ट्रॉलीची चार चाकं मिळाली, वीस दिऱ्हमला चार, म्हणजे पावणेपाचशे रुपये. तीन उत्तम फिरत होती. चौथं जरा जाड होतं, मी म्हटलं मजबूत असेल. मशीन गाडीवर चढवलं आणि गाडी डौलात चालायला लागली, थोडी डावीकडे ओढत, पण चालायला लागली. मला इतका आनंद झाला की ती सुलक्षणाला दाखवायलाच हवी असं वाटलं. वर न्यायची नव्हती, बिल्डिंगच्या दारापर्यंत न्यायची, तिला खाली बोलवायचं, एवढंच. पार्किंग मिळालं नाही म्हणून कार जरा लांब लावली, युसुफभाईंकडून आणलेल्या फळीवरून गाडी खाली उतरवली आणि बासष्ट किलो ढकलत मी सुपरमार्केटसमोरून निघालो.

सुपरमार्केटची हद्द संपते तिथे जमिनीवर एक पिवळी रेघ आहे. त्या रेघेवर माझी गाडी थांबली. म्हणजे खिळलीच. ते जाड चाक कुलपाचं होतं. ट्रॉली कोणी पळवू नये म्हणून काही दुकानांच्या चाकांत तशी व्यवस्था असते, रेघ ओलांडली की चाक आवळतं. मी ढकललं, मागे ओढलं, लाथ मारली. सिक्युरिटीवाला आला. त्याने गाडी बघितली, चाकं बघितली, मग माझ्याकडे बघितलं. मी त्याला समजावलं की चाकं भंगारातली आहेत. तो नम्रपणे म्हणाला, सर, बाकीची ट्रॉली कुठे आहे. रविवारची संध्याकाळ, अर्धं डिस्कव्हरी गार्डन्स भाजी घ्यायला आलेलं. भिकाजी सामंत हातात कोथिंबीर घेऊन थांबले होते. आणि तेवढ्यात तिथे रणजित आला.

तो सिक्युरिटीवाल्याला ओळखत होता. त्याला त्याचं नाव माहीत होतं, मुलाची परीक्षा कशी झाली हेसुद्धा त्याने विचारलं. मग माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणाला, "ये मेरे साथ है." एवढ्यावर मला सोडण्यात आलं. रणजितने खिशातून पान्हा काढला, हा माणूस खिशात पान्हा ठेवतो, आणि चाक खोलून त्या सिक्युरिटीवाल्याच्या हातात दिलं. तीन चाकांवर गाडी दोघांनी कारपर्यंत ओढत नेली. मी त्याला थँक्यू म्हटलं. म्हणणं भागच होतं. ते तोंडातून बाहेर पडायला बराच वेळ लागला.

पुढच्या आठवड्यात मी नवीन चाक विकत आणून बसवलं आणि गाडी खऱ्या अर्थाने पुरी झाली. त्या दिवशी दिवाळीला पाच दिवस होते. सुलक्षणाच्या ऑर्डरी एकशे दहावर गेल्या होत्या. रॅकचं एक टोकसुद्धा कापलेलं नव्हतं. मी स्वयंपाकघरात जाऊन म्हटलं, उद्या रजा काढतो, रात्रंदिवस बसतो, रॅक होईल. ती चकलीचं पीठ मळत होती. हात न थांबवता ती म्हणाली, "रॅक झालाय. रणजितभावजींना मी तीन आठवड्यांपूर्वीच सांगितलं होतं. तुम्ही त्याची एक बाजू धरली होतीत म्हणे."

मी ओट्याला टेकून उभा राहिलो. बायकोने माझ्यावर भरवसा ठेवला आणि वर विमाही काढून ठेवला, याचं दुःख करावं की मी माझ्याच हाराकिरीची चौकट अर्धा तास धरून उभा होतो याचं, ते कळेना. ती पुढे म्हणाली, चकलीचं तेल कोणासाठी थांबत नाही, मी वाट बघितली असती तर यंदाही करंज्या पलंगावर असत्या. खोटं काहीच नव्हतं त्यात. मग तिने हात धुतले, माझ्यासमोर आली आणि म्हणाली, "पण तुम्ही जाऊन बघून या. तुम्ही पास केल्याशिवाय मी त्यावर एक ताटसुद्धा ठेवणार नाही. काम कोणीही करो, तपासणार तुम्हीच."

या एका वाक्याने माझ्या जिवात जीव आला. मी दुसऱ्याच दिवशी अर्धी रजा टाकून वर्कशॉपमध्ये गेलो. बॅटरी, भिंग, मोजणीची पट्टी, आरसा, चुंबक, सगळं घेऊन गेलो. कंपनीच्या नमुन्याचा कोरा रिपोर्टही नेला. रणजितही ऑफिसातून लवकर निघून आला होता. रॅक मधोमध उभा होता, छातीएवढा उंच, ऐसपैस, पाच मजली. त्यावर अठ्ठेचाळीस सांधे होते. मी पहिल्यापासून सुरुवात केली. रणजित माझ्या मागे उभा होता आणि त्याच्या कपाळावर घाम आला होता. मला माझ्या कामगारांच्या कपाळावरचा हा घाम ओळखीचा आहे. मी मुद्दाम सावकाश गेलो. एकेका सांध्यापाशी थांबून हं म्हणायचं, पेन उघडायचं आणि परत मिटायचं. युसुफभाईंनी दोनदा चहा पाठवला, तो मी बाजूला ठेवला.

पाऊण तास मी एक दोष शोधत होतो. एक भोक, एक कडेची खाच, एखादा सांधा वरून गोड आणि आतून कच्चा. देवाशपथ सांगतो, जगातल्या कुठल्याही पाइपलाइनकडे मी इतक्या बारकाईने बघितलेलं नाही. अठ्ठेचाळिसावा सांधा झाला तेव्हा मी उकिडवा बसलो होतो आणि माझे गुडघे दुखत होते. दोष नव्हता. खोटा दोष लिहिणं मला सहज शक्य होतं, रणजितला तो कळलाही नसता. पण चांगल्या वेल्डिंगला मी वाईट म्हणू शकत नाही. माझ्याकडे ही एकच गोष्ट आहे. मी रिपोर्टवर पास लिहिलं, सही केली, तारीख टाकली. रणजितने तो कागद दोन्ही हातांनी घेतला आणि म्हणाला, याची एक कॉपी मला फ्रेम करायला हवी. मी कारमध्ये येऊन थोडा वेळ एसी लावून बसलो.

धनत्रयोदशीच्या आदल्या सकाळी रॅक घरी आला. रणजित, नीरव, मी आणि वॉचमन असे चौघे होतो. बिल्डिंगच्या दारातून आला, लिफ्टमध्ये आला, घराच्या दारातून आला. स्वयंपाकघराच्या दाराशी अडला. आधी वाटलं पाय अडकला. मग आडवा केला, उभा केला, उलटा केला. दर्शनावहिनी फोटो काढायला आल्या होत्या, त्यांनी मोबाइल खाली घेतला. आत तेल तापलं होतं आणि सुलक्षणा झारा हातात घेऊन दाराच्या पलीकडे उभी होती. शेवटी इशिताने दप्तरातली टेप आणली. दार सत्तर सेंटिमीटर. रॅक पंचाहत्तर लांब, पंचाहत्तर रुंद. रणजितने भिंतीचं माप घेतलं होतं, जागा भरपूर मिळावी म्हणून मनापासून मोठा केला होता. दाराचं माप घेतलं नव्हतं.

हे बघून माझ्या मनात जे झालं ते लिहिण्यासारखं नाही. दिवाळी दोन दिवस आधीच आली. पण रणजितने शांतपणे खिशातून तो रिपोर्ट काढला, उलगडला आणि म्हणाला, "पण जगन्नाथ, तू तर पास केला होतास."

सगळे माझ्याकडे बघायला लागले. रिपोर्टवर माप हा रकाना असतो. दुसऱ्याच ओळीत असतो. कामगाराने तो कोरा ठेवला तर मी रिपोर्ट तोंडावर परत फेकतो. माझ्या रिपोर्टवर तो कोरा होता. पाऊण तास मी त्या माणसाच्या हातातला दोष शोधत बसलो आणि टेप एकदाही उघडली नाही. सुलक्षणा कपाळावरचा घाम पुसत म्हणाली की तुमचं काय ते नंतर बघा, माझा घाणा जळतोय, ताटं कुठे ठेवू तेवढं सांगा. रॅक हॉलमध्ये ठेवला तर बेडरूमचं दार उघडत नव्हतं.

मी खाली गेलो. नीरव आणि वॉचमनला बरोबर घेतलं. मशीन गाडीवरून फळीवर घेऊन परत डिकीत ढकललं, माझ्या कारचं नाक परत वर गेलं. गाडी बागेच्या नळावर साबणाने धुतली, पुसली आणि वर आणली. साठ सेंटिमीटर रुंद गाडी त्या दारातून दोन्ही बाजूंना जागा सोडून आत गेली. सुलक्षणाने तिन्ही कप्प्यांवर जाड कागद अंथरला, वरच्यावर चकल्या, मधल्यावर शेव, खाली करंज्या. ती गाडी एका हाताने ओट्याशी ओढायची आणि भरली की पायाने मागे सारायची. दुपारपर्यंत तिने साठ ताटं काढली. तीनच्या सुमारास तिने भाजलेल्या हातांनी मला एक गरम चकली आणून दिली आणि म्हणाली, "फार उपयोगी पडली हो तुमची गाडी." अठरा वर्षांत माझ्या कुठल्याही सहीला असा शेरा मिळालेला नाही.

पहिल्या आंघोळीच्या सकाळी रणजित फराळाचं ताट घेऊन आला. बसला, चहा घेतला, इशिताच्या शाळेची चौकशी केली. मग पाणी प्यायच्या निमित्ताने उठून स्वयंपाकघरात गेला. पाणी मी बाहेरही देऊ शकलो असतो. बराच वेळ झाला तरी तो येईना म्हणून मी दारात जाऊन उभा राहिलो. तो माझ्या गाडीसमोर उकिडवा बसला होता. कागदाची कड उचलून त्याने माझे सांधे एकेक करून बघितले, अगदी खालच्या कप्प्यापर्यंत. ते वाईट होते, ते त्यालाही दिसलं असणार. मग त्याने गाडी बोटाने थोडी पुढे ढकलली, मागे ओढली. करंज्यांचं ताट हललंसुद्धा नाही. सुलक्षणा त्याच्या अंगावरून वाकून त्या गाडीवर अनारशाचं ताट ठेवून निघून गेली, तिचं त्याच्याकडे लक्षही नव्हतं. रणजितने वर बघितलं, मी दिसलो, आणि तो पटकन हसला. पण त्याआधी त्याच्या चेहऱ्यावर जे होतं ते मी बघितलं. गेले सात आठवडे दाढी करताना आरशात मी रोज सकाळी तेच बघत होतो.